पत्राची वरची ओळ

सुदाम गेल्याचं पत्र शाळेत आलं तेव्हा चौथीची मुलं सतराचा पाढा म्हणत होती. पोस्टमन दारातूनच म्हणाला, "गुरजी, इंग्लंडचंच हाये, पन हे निराळं दिसून राह्यलं." त्याचं खरं होतं. सुदामची पत्रं म्हणजे पातळ, निळी हवाई पाकिटं, पत्ता त्याच्या त्या मोठ्या, उजवीकडे कललेल्या अक्षरात. हे पाकीट पांढरं, जाड आणि पत्ता टाइप केलेला. आत इंग्रजीत चार-सहा ओळी आणि काळ्या चौकटीचं, चार पानांचं एक छापील चौपान, त्यावर सुदामचा कोटातला फोटो. तिथल्या भारतीय लोकांच्या संघटनेच्या सचिवाने लिहिलं होतं की आमचे अध्यक्ष सभेत बोलता बोलता कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलं पाढा म्हणत राहिली. सतरा दाहे सत्तरासे झालं आणि ती पुन्हा सतरा एके सतरावर आली, तरी त्यांना थांबा म्हणायचं मला सुचलं नाही... शेवटची ओळ मी तीनदा वाचली. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, पण एवढं कळण्याइतकं आहे. लिहिलं होतं, 'त्यांना लहानाचं मोठं करणारी त्यांच्या घरची म्हातारी मोलकरीण अजून हयात असल्यास तिलाही कृपया कळवावे.'

ती म्हातारी मोलकरीण म्हणजे पारबतामाय. सुदामची सख्खी आई. माझ्या घरापासून सहा घरं सोडून राहते.

या पुरवणीच्या संपादकांचं पत्र त्यानंतर आठवड्याभरात आलं. 'आपल्या भागाचे सुपुत्र आणि परदेशस्थ भारतीयांचे झुंजार नेते सुदामराव देशमुख यांचे आपण बालमित्र असल्याचे समजते, तरी आठवणी लिहून पाठवाव्यात.' मी लगेच होकार कळवला. मग दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला. सुदामराव देशमुख नावाचा माझा कोणी बालमित्र नव्हता. माझा मित्र सुदाम पडघान. वाशीमकडच्या मालेगावच्या अलीकडे आमचं खेडं आहे, तिथल्या आमच्या वस्तीतला, माझ्याच वयाचा, माझ्याच जातीचा. त्याच्याबद्दल लिहायचं तर हे सगळं लिहावं लागेल, आणि ते छापायची संपादकांची तयारी असेल तरच छापावं, असं मी त्यांना सांगितलं आहे.

चौथीनंतर आम्ही दोघं वाशीमला हायस्कुलात गेलो, वसतिगृहात एका सतरंजीवर झोपलो. सुदाम बोलायला लागला की समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि बोलणं संपेपर्यंत तो काढायचा नाही. मास्तरांच्यासुद्धा. त्यासाठी त्याने किती बोलणी खाल्ली त्याला हिशेब नाही. शाळेच्या ओसरीत पाण्याचा रांजण होता. बाकीची मुलं ओगराळ्याने आपापलं पाणी घेत. आम्ही चौघं-पाच जण खाली ओंजळ धरून उभे राहायचो, शिपाई यायचा आणि वरून ओतायचा. शिपाई जागेवर नसला की तहान तशीच वर्गात घेऊन जायचं. एकदा उन्हाळ्याच्या दिवसांत कवायत झाली, तोंडाला कोरड पडलेली, आणि शिपायाचा पत्ता नाही. सुदाम सरळ रांजणापाशी गेला, ओगराळं उचललं आणि मला म्हणाला, "नामा, ओंजय धर." आधी मला पाजलं. मग स्वतः प्याला, ओगराळ्याला तोंड लावून. हेडमास्तरांनी विचारलं, कोण प्यालं? सुदाम म्हणाला, "पेलो बी मीच अन् पाजलं बी मीच." दोन्ही हातांवर छड्या घेतल्या त्याने, हूं की चूं केलं नाही. मी त्याच्या मागे उभा होतो. ओंजळ धरणारा कोण, हे मी सांगितलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मी त्याच्यासाठी पुढे जे जे केलं, ते त्या दिवसाच्या उपकारापोटी केलं, हे आधीच सांगून टाकतो.

छप्पन साली आमच्या वस्तीने धर्म बदलला तेव्हा सुदाम रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरीला लागला होता. रजा काढून आला. घरोघरचे देव टोपल्यांत भरून नदीवर न्यायचे ठरले, पण पारबतामाय आपली मरीमाय द्यायला तयार होईना. सुदामने तिच्याशी भांडण केलं नाही. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माय, हिच्यापुढं हात जोडून आपल्याले काय भेटलं तेवढं मले सांग, अन् मंग खुशाल ठेव." माय दिवसभर चुलीपुढे बसून राहिली. दिवस कलला तशी उठली, स्वतःच टोपली डोक्यावर घेतली आणि नदीवर निघाली. दुसऱ्या दिवशी सुदामने समाजमंदिराच्या भिंतीवर, चुन्यात नीळ कालवून, हातभर उंच अक्षरांत 'जयभीम' लिहिलं. ब्रश नव्हता, काडीला चिंधी बांधून लिहिलं. कोणी रामराम घालायचा नाही, जोहार तर नाहीच नाही, भेटलं की हेच म्हणायचं. मायला ते म्हणायला फार लाज वाटायची. मला वाटेत थांबवून म्हणायची, "जयभीम, नामा... बराबर म्हनलं ना मी?" पावसाळ्यात ती अक्षरं धुऊन जायची. तेव्हापासून दर वर्षी दीक्षेच्या दिवसाआधी माय नीळ कालवते आणि लेकाने लिहिलेल्या त्या पुसट खुणांवरून चिंधी फिरवते. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

पुढे माझी मास्तरकी सुरू झाली, सुदाम वर्कशॉपात, आणि सात-आठ वर्षं आमची गाठभेट अशी राहिलीच नाही. अचानक एक दिवस शाळेच्या पत्त्यावर इंग्लंडहून पत्र! लोखंड ओतायच्या कारखान्यात लागलोय, थंडी फार आहे, असं काय काय होतं. आणि खाली, 'नामा, तुला विसरलो असं समजू नको. माय आता तुझ्या भरवशावर. मी लिहीन ते तिला वाचून दाखव, ती सांगेल ते मला लिहून धाड.' मित्र परत मिळाला म्हणून मी इतका खूश झालो की शाळा सुटायचीही वाट पाहिली नाही, मधल्या सुटीतच मायकडे धावलो.

तेव्हापासूनची आमची रीत ठरलेली. पत्र आलं की मी मायच्या ओट्यावर बसायचो. ती हात धुऊन, पदराला पुसून समोर बसायची आणि म्हणायची, "वाच." वाचून झालं की लगेच उत्तर. तिचं सांगणं दर वेळी एकाच वाक्याने सुरू व्हायचं, "पयले जयभीम लिव. मंग बाकीचं." मग म्हैस व्याली, अमक्याची सोयरीक मोडली, तिचा गुडघा, पाऊस. लिहून झालं की ती पत्र हातात घ्यायची. वरून खाली बघायची, बोट फिरवायची, कपाळाला लावायची आणि मला परत द्यायची. मला वाटायचं, पोराच्या हातात जाणारा कागद म्हणून माया करते.

चार-पाच वर्षांनी सुदामच्या पत्रात इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण आलं. त्याच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये आपल्याकडच्या कामगारांचे चहाचे कप वेगळे ठेवायचे, गोऱ्यांचे वेगळे. सुदामने एक दिवस गोऱ्यांच्या फळीवरचा कप उचलला आणि त्यातून चहा प्याला. त्याला कामावरून काढलं, म्हणून सगळे आपले लोक, गुजराती, पंजाबी, मराठी, कामाबाहेर आले. शेवटी फळी एक झाली. फोटोत सुदाम लोकांच्या खांद्यांवर बसला होता, खाली नाव नुसतं सुदाम एवढंच. मी ते कात्रण शाळेत सगळ्यांना दाखवलं, मायला दोनदा समजावून सांगितलं. "वाशीमच्या रांजनावानीच केलं म्हना तिथं बी," माय म्हणाली. अगदी माझ्या मनातलं बोलली. त्यानंतर संघटनेने त्याला अध्यक्ष केलं. आणि अध्यक्ष झाल्यावरच्या पहिल्याच पाकिटात माझ्यासाठी वेगळी चिठ्ठी निघाली. 'नामा, आता माझी पत्रं संघटनेच्या ऑफिसवर येतात. मराठी वाचणारे इथे पुष्कळ आहेत. पत्त्यात माझं नाव नको, नुसतं अध्यक्ष लिही. यापुढे वर नमस्कार लिहीत जा, ते दुसरं नको. मायला सांगू नको. का, ते भेटीत सांगेन.'

मी ती चिठ्ठी घेऊन कितीतरी वेळ बसलो होतो. मग रांजण आठवला. म्हटलं, परक्या मुलखात काही अडचण असेल बिचाऱ्याची. आणि मी ते करायला लागलो. माय म्हणायची, "पयले जयभीम लिव." मी मुलांना शुद्धलेखन घालतात तसं तोंडाने सावकाश "जय... भीम..." म्हणायचो आणि हाताने 'सप्रेम नमस्कार' लिहायचो. त्याच्या पत्रांतूनही तो शब्द गेला होता. वाचताना मी तो माझ्या पदरचा घालायचो आणि उत्तराला लागतं म्हणून पत्र माझ्याकडेच ठेवायचो. दहा वर्षं हे चाललं. एका अडाणी बाईला फसवायला फार हुशारी लागत नाही, असं तेव्हा मला वाटायचं. लिहितानाही आज शरम वाटते.

चार वर्षांपूर्वी सुदाम आला. गावात नाही, वाशीमला. तिथल्या एका मंडळाने त्याचा सत्कार ठेवला होता. त्याच्यासोबत तिकडून एक डॉक्टर आले होते, त्यांचे नातेवाईक वाशीमचे, त्यांनीच सगळं जमवलेलं. मला निरोप आला की मायला घेऊन विश्रामगृहावर ये. मायने ठेवणीतलं निळ्या काठाचं लुगडं नेसलं, तिळाचे लाडू बांधून घेतले आणि बसमध्ये दिसेल त्याला सांगत सुटली की माहा सुदाम आला. विश्रामगृहाच्या फाटकावर कापडी फलक होता. त्यावर 'श्री. सुदामराव देशमुख यांचे हार्दिक स्वागत'. मी वाचला आणि जागीच थांबलो. मायने विचारलं, "काय लिवलं रे?" मी म्हटलं, "सुदामचंच नाव हाये, माय." अर्धं खरं होतं ते.

तो व्हरांड्यात उभा होता, चार लोकांत. अंगाने भरला होता, कानाशी पांढरं झालं होतं, पण हात डॉक्टरांच्या खांद्यावर, तसाच. मायला पाहिलं आणि त्याचा चेहरा क्षणभर पूर्वीचा झाला, हे मी शपथेवर सांगतो. मग डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, या कोण? सुदाम इंग्रजीतच म्हणाला, "ही आमच्या घरची जुनी बाई. हिनेच मला लहानाचं मोठं केलं." मायने ते हसणारे चेहरे पाहिले, दोन्ही हात जोडले आणि डॉक्टरांना म्हणाली, "जय..." पुढचं तिला म्हणताच आलं नाही. सुदामने तिचे जोडलेले हात आपल्या हातात धरले, तिला वळवलं आणि मोठ्याने म्हणाला, "बस माय, बस, चहा सांगतो." सगळ्यांना ते फार हृद्य वाटलं. जुन्या मोलकरणीला माय म्हणतो, केवढं मन! माय मला हळूच म्हणाली, "त्या सायबाले काय म्हने रे तो?" मी म्हटलं, "म्हने, हे माही माय हाये." तिने डोळे पुसले.

दुपारी लोक जेवायला बसले तेव्हा मी त्याला मागच्या लिंबाखाली गाठलं. म्हटलं, "सुदाम, तुले लाज नाई वाटत?" त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी झटकला. मग तो वऱ्हाडीत बोलला, इतक्या वर्षांनीही जशीच्या तशी. "नामा, गोरा आमाले साऱ्याइले एकच समजते, काळे म्हनून. तो तरी बरा. आपले लोक कसे हाये तुले सांगा लागते का? नव्यानं गेलतो तवा एकानं नाव इचारलं, मी पडघान सांगितलं. त्यानं गाव इचारलं, वस्ती इचारली. दुसऱ्या दिवशी माह्याजवळचा डबा उचलून दुसरीकडं बसला. म्हनून कारखाना बदलला अन् नाव बी बदललं. ज्या दिवशी यायले समजन त्या दिवशी मी अध्यक्ष नाई. मंग ते कपाची लढाई कोन लढन?" मी म्हटलं, "अन् तुही माय?" "तिले काई सांगू नको," एवढंच म्हणाला. "तुले माही शपथ." मी वचन दिलं. आजही कळत नाही काय म्हणून दिलं. त्याचं म्हणणं मला पूर्ण खोटं वाटलं नाही, हे एक. आणि दुसरं, त्या लिंबाखाली तो नेता नव्हता, घाबरलेला माणूस होता, आणि त्याला तसं मी कधी पाहिलंच नव्हतं. तो गावात आला नाही. समाजमंदिराची भिंत पाहिली नाही. लाडू मात्र घेऊन गेला.

आता ते छापील चौपान. पत्र आलं त्या दिवशी मी मायला फक्त बातमी सांगितली. तिच्या आक्रोशाबद्दल लिहीत नाही, तो तिचा आहे. चौपान पिशवीत ठेवलं आणि दोन दिवसांनी शब्दकोश घेऊन बसलो. सधन देशमुख घराण्यात जन्म, आईवडील लहानपणीच वारले, वगैरे. हे सगळं मी गिळलं असतं. पण पुढे होतं की अध्यक्ष आपल्या भाषणांतून एक आठवण नेहमी सांगत. त्यांच्या शाळेत नामदेव नावाचा एक अस्पृश्य मुलगा होता, त्याला रांजणाला शिवायची बंदी होती. एके दिवशी त्या तहानलेल्या मुलाला देशमुखांच्या या मुलाने स्वतःच्या हाताने पाणी पाजले आणि त्यासाठी छड्या खाल्ल्या. त्या दिवसापासून त्यांनी अन्यायाशी लढायचे ठरवले...

नामदेव मीच. सुदामने माझ्या ओंजळीत पाणी ओतलं होतं, खरं आहे. पण तेव्हा त्याचीही ओंजळ खालीच असायची. तो माझ्या शेजारी उभा होता म्हणून ते पाणी मला गोड लागलं होतं. त्याने मला तिथेच, खाली, एकटा उभा करून ठेवला आणि स्वतः रांजणाच्या बाजूला निघून गेला. वर्षानुवर्षं, दर सभेत. नाव बदललं ते मी समजू शकतो. मायला मोलकरीण केलं तेही भीतीपोटी म्हणून एखादे वेळी समजून घेईन. पण ही गोष्ट त्याला कोणी सांगायला लावली नव्हती. ती तो हौसेने सांगत होता, टाळ्यांसाठी. माझ्या आयुष्यातली एकच गोष्ट मला अभिमानाची होती, आणि त्यात तो मला, ज्याची दया आली असा मुलगा करून गेला. मी त्याच्यासाठी रडलो होतो दोन दिवस. ते रडणं मला परत हवं आहे.

समाजमंदिरात सुदामच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी झाला. माणसं पांगली. माय भिंतीला टेकून बसली होती, तिने लिहिलेल्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या अक्षरांच्या खाली. मी शेजारी बसलो.

"नामा, एक इचारू? राग नोको धरू."

"इचार ना, माय."

"माह्या पत्रात तू जयभीम काहून नोता लिवत?"

ती माझ्याकडे पाहत नव्हती. "मले वाचता येत नाई. पन हे भिताडावरचे अक्षर बावीस वर्षं गिरवून राह्यली मी. पत्र हातात घेतलं का पयले वरतं पाहो. सुरुसुरुले असे. मंग नाईच. तोंडानं म्हनं तू, पन लिवे दुसरंच."

"मंग बोलली काहून नाई तू?"

"म्हनलं, सरकारी नोकरी हाये बापा याची. शायेत धा जातीचे मास्तर. लाजत असन, भेत असन. चारचौघात तुले कायले खाली पाहाले लावाचं?" मग तिने भिंतीवरच्या अक्षरांकडे वर पाहिलं. "मले घोर एकच होता. सुदाम तिथं पत्र उघडत असन, वरतं पाहत असन. त्यानंच शिकोलेला शब्द. म्हनत असन, माही माय इसरली. आता तर तो तसाच गेला... माय इसरली म्हनतच गेला."

चौपान माझ्या पिशवीत होतं. ती भीती माझी नव्हती, ती लाज माझी नव्हती. मी तोंड उघडलं आणि आतून निघालं एवढंच, "माह्यं चुकलं, माय." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "जाऊ दे. लिवनारा तरी तुह्याबिगर कोन होता मले." सुदामच्या गुन्ह्याची माफी मला मिळाली. ती घेऊन मी घरी आलो, आणि तेव्हापासून ती मला टोचते आहे.

मी दिलेलं वचन मोडतो आहे, हे मला कळतं. सत्तरीच्या बाईकडून तिचा एकुलता एक लेक असा काढून घ्यायचा मला अधिकार आहे का? नसेल. मी काही फार थोर मनाचा माणूस नाही. मला राग आलेला आहे, आणि त्या रागाने हा लेख लिहिला आहे. पण निव्वळ रागानेच लिहिला, असंही नाही. आपला मुलगा आपल्याला विसराळू समजून गेला, हे ओझं घेऊन ती बसली आहे. ते खोटं आहे. तो शब्द ती विसरली नव्हती, हे सुदामला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर त्याला तो लिहू नको असं सांगावं लागलं.

ही पुरवणी मालेगावच्या बसने आमच्याकडे एक दिवस उशिरा येते. त्यात सुदामचा फोटो असेल, तेव्हा कोणीतरी ती मायच्या हातात नेऊन देईलच. ती हात धुऊन, पदराला पुसून माझ्याकडे येईल. आधी फोटोवरून हात फिरवील. मग मजकुरावरून बोट नेत नेत तिची ती अक्षरं शोधील. सापडतील तिला, या लेखात ती बऱ्याच ठिकाणी आहेत. म्हणेल, "हे पाय, या खेपी लिवलं तुनं." मग समोर बसेल आणि म्हणेल, "वाच."

आणि या वेळी जे लिहिलं आहे तेच मी वाचीन.